धावत्या क्वार्टरबॅकची नाकेबंदी

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघाचा जवळजवळ प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातातून पुढे सरकतो. स्नॅप झाला, म्हणजे मधल्या सेंटरने पायांमधून चेंडू मागे दिला, की क्वार्टरबॅकपुढे तीन वाटा असतात. शेजारच्या रनिंग बॅककडे चेंडू सोपवायचा, पुढे धावत गेलेल्या रिसीव्हरकडे फेकायचा, किंवा स्वतःच काखोटीला मारून पळायचे. पहिल्या दोन वाटा कशा बुजवायच्या, हे बचावपटू शाळेपासून गिरवत आलेले असतात. तिसरी वाट सर्रास वापरणारा क्वार्टरबॅक समोर आला की हेच शिक्षण अंगलट येऊ लागते. त्याच्यावर बेभान धावून जावे तर त्याला निसटायला फट मिळते, आणि सावधपणे मागे थांबावे तर फेकायला हवा तेवढा वेळ मिळतो. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही अडचण आहे. गेल्या दोन-तीन दशकांत अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या, म्हणजे एनएफएलमधल्या, संघांनी या अडचणीवर शोधलेले बहुतेक उपाय दबाव आणि कोंडी यांचा मेळ घालण्याचेच आहेत.

खेळाचा हिशेब साधा आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, गोलरेषांमध्ये १०० यार्डांचे अंतर आणि सुमारे ५३ यार्ड रुंदीचे मैदान. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, १० यार्ड पुढे जायचे असते. जमले तर पुन्हा चार डाउन मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चौथ्या डाउनला बहुतेक वेळा चेंडू लाथेने दूर मारून दिला जातो, म्हणून खरी झुंज तिसऱ्या डाउनला होते. समजा, तिसऱ्या डाउनला ८ यार्ड हवे आहेत. बचाव फळीने सगळे रिसीव्हर झाकले, फेकायला जागाच ठेवली नाही, आणि तेवढ्यात क्वार्टरबॅक मधल्या फटीतून ९ यार्ड पळाला. सगळ्यांनी चोख काम करूनही फळीच्या पदरात काही पडत नाही. उलट दमलेल्या पायांनी पुन्हा पहिल्या डाउनपासून सुरुवात करावी लागते.

अकराव्या माणसाचे गणित

पारंपरिक क्वार्टरबॅक पॉकेटमध्ये उभा राहून खेळतो. आक्रमक फळीतले पाच धिप्पाड लाइनमन त्याच्यापुढे कमानीसारखी भिंत धरतात. त्या भिंतीआडची जागा म्हणजे पॉकेट. तिथे त्याला चेंडू फेकायला साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. रनिंग बॅककडे चेंडू दिल्यावर मात्र असा क्वार्टरबॅक प्रेक्षकच होतो. चढाईचे दहा जण आणि बचावाचे अकरा, असा तो डाव असतो. त्या एका जादा माणसाच्या जोरावर बचाव फळी कुठेतरी एकावर दोन लावू शकते. क्वार्टरबॅक स्वतः पळू लागला की हा जादा माणूस हिशेबातून उडतो.

असे खेळाडू पूर्वीही होते. मुख्यतः मिनेसोटा व्हायकिंग्जकडून खेळलेला फ्रॅन टार्केंटन १९६१ ते १९७८ या काळात बचावपटूंना पॉकेटमागे गरागरा फिरवत असे. फिलाडेल्फिया ईगल्सच्या रँडल कनिंगहॅमने १९९० च्या हंगामात धावून ९४२ यार्ड काढले. अटलांटा फाल्कन्सच्या मायकल व्हिकने २००६ मध्ये १,०३९ यार्ड धावून एका हंगामात हजाराचा टप्पा ओलांडणारा पहिला क्वार्टरबॅक होण्याचा मान मिळवला. बाल्टिमोर रेव्हन्सच्या लमार जॅक्सनने २०१९ मध्ये ती संख्या १,२०६ वर नेली आणि सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठीची सगळीच्या सगळी मते मिळवली. व्हिकच्या कारकिर्दीतल्या ६,१०९ यार्डांचा विक्रमही त्याने डिसेंबर २०२४ मध्ये मागे टाकला. पूर्वी असा क्वार्टरबॅक अपवाद मानला जाई. आता जवळजवळ प्रत्येक संघाची हंगामात अशा काही जणांशी गाठ पडते.

फळी विस्कळीत झाली तर काय होते, याचे उदाहरण म्हणून डिसेंबर २००२ मधला व्हायकिंग्ज आणि फाल्कन्स यांचा सामना आजही दाखवला जातो. सामना जादा वेळेत गेला होता. व्हिक फेकण्यासाठी मागे सरकला, डावीकडे वळला आणि ४६ यार्ड पळत थेट गोलरेषेपार गेला. शेवटच्या टप्प्यात दोन बचावपटू दोन बाजूंनी त्याच्यावर झेपावले. दोघांनीही त्याच्या वेगाचा अंदाज कमी धरला होता. व्हिक मधून निघून गेला आणि ते दोघे त्याच्या पाठीमागे एकमेकांवरच आदळले. त्या दिवशी व्हिकने १७३ यार्ड धाव घेतली.

चार जणांची एक भिंत

कोंडीची पहिली जबाबदारी पुढच्या फळीवर येते. सहसा चार जण क्वार्टरबॅकवर धावून जातात. दोन एंड टोकांवरून आणि दोन टॅकल मधून. स्थिर क्वार्टरबॅकविरुद्ध टोकाचा एंड पूर्ण वेगाने बाहेरून वळसा घालतो, आणि अंदाज थोडा चुकून तो क्वार्टरबॅकच्या मागे गेला तरी फारसे बिघडत नाही. धावत्या क्वार्टरबॅकविरुद्ध हीच चूक महागात पडते. एंड क्वार्टरबॅकच्या पातळीपेक्षा खोल गेला की त्याच्या आणि टॅकलच्या मध्ये दरवाजा उघडतो. क्वार्टरबॅक दोन पावले पुढे टाकून त्यातून बाहेर पडतो आणि समोर मोकळे मैदान असते. म्हणून प्रशिक्षकांचा पहिला नियम असतो: क्वार्टरबॅक जितका मागे असेल त्याच्यापलीकडे जायचे नाही.

दुसरा नियम आपापली गल्ली न सोडण्याचा. चौघांनी चार गल्ल्यांतून एकाच लयीत पुढे सरकायचे, समोरच्या लाइनमनला ढकलत पॉकेट आत दाबायचे आणि हात वर ठेवून फेकीची वाट अडवायची. आतल्या बाजूने चटकन निसटून सॅक मिळवण्याचा मोह आवरावा लागतो. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच, स्नॅप जिथून झाला त्या रेषेमागे पाडणे म्हणजे सॅक. धावून जाणाऱ्याचे नाव आणि मोल त्यावरच ठरते, त्यामुळे हा संयम मानधनाच्या दृष्टीनेही सोपा नसतो. कबड्डीत साखळीतल्या एकाने घाई करून हात सोडला की चढाईपटू नेमका त्याच फटीतून मध्यरेषेकडे सटकतो. इथेही तसेच आहे. तिघांनी शिस्त पाळली आणि चौथ्याने मोडली, तर तिघांचीही मेहनत वाया जाते.

या शिस्तीचा उत्तम नमुना २३ जानेवारी २००५ रोजी फिलाडेल्फियात दिसला. फाल्कन्सचा संघ त्या हंगामात धावून काढलेल्या यार्डांत लीगमध्ये पहिला होता. ईगल्सचे बचाव प्रशिक्षक जिम जॉन्सन एरवी धडाकेबाज ब्लिट्झसाठी, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसे पाठवण्यासाठी, ओळखले जात. त्या दिवशी मात्र त्यांच्या टोकाच्या खेळाडूंनी बाहेरची बाजू घट्ट धरून ठेवली. व्हिकला चार धावांत २६ यार्ड मिळाले, चार वेळा त्याला सॅक केले गेले आणि ईगल्स २७-१० असे जिंकून सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पोहोचले.

या दाबण्यात दिशाही महत्त्वाची असते. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक उजवीकडे पळता पळता सहज फेकू शकतो. डावीकडे पळताना त्याला खांदे वळवावे लागतात, फेक उशिरा सुटते आणि तिचा नेम बिघडतो. म्हणून अनेक संघ त्याच्या उजव्या टोकाची दारे पक्की बंद करतात आणि पळायचेच असेल तर डावीकडे पळू देतात.

पहारेकरी

पुढची भिंत फुटली तर मागे कोणीतरी हवा, या विचारातून स्पायची युक्ती आली. एका बचावपटूला, बहुधा पुढच्या फळीमागे उभ्या राहणाऱ्या लाइनबॅकरला, क्वार्टरबॅकवर नजर ठेवण्याचेच काम दिले जाते. तो पाच-सात यार्डांवर उभा राहतो, क्वार्टरबॅक डावीकडे सरकला की डावीकडे, उजवीकडे सरकला की उजवीकडे. क्वार्टरबॅक पळण्याचा निश्चय करेपर्यंत त्याने झेप घ्यायची नसते. आधीच पुढे आला तर एका हुलकावणीत तो बाद होतो.

स्पायची किंमत मोजावी लागते. त्याला या कामावर ठेवले की रिसीव्हर अडवणाऱ्यांत किंवा धावून जाणाऱ्यांत एक माणूस कमी होतो. क्वार्टरबॅक पळालाच नाही तर तो माणूस डावभर नुसता उभा. शिवाय तो क्वार्टरबॅकइतका चपळ नसेल तर त्याच्या असण्याचा उपयोग नाही. ११० किलोचा लाइनबॅकर जॅक्सनच्या मागे धावला तर अंतर वाढतच जाते. म्हणून बरेच संघ हे काम मागच्या फळीतल्या सेफ्टीला देतात, किंवा ते फक्त तिसऱ्या डाउनपुरते ठेवतात.

यातून निघालेली एक काटकसरीची तोड अशी. रनिंग बॅकला अडवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, तो बचावपटू स्नॅपनंतर रनिंग बॅककडे पाहतो. रनिंग बॅक झेलासाठी बाहेर पळाला तर हा त्याच्यामागे जातो. तो क्वार्टरबॅकच्या रक्षणासाठी मागेच थांबला तर याला काम उरत नाही, मग हा स्पाय बनतो किंवा पुढे धावून जातो. वेगळा माणूस न राखता पहारा मिळतो.

पाठ की डोळे

रिसीव्हर अडवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. मॅन-टू-मॅनमध्ये प्रत्येक बचावपटू ठरलेल्या रिसीव्हरच्या मागे पळतो. झोनमध्ये प्रत्येकाला मैदानाचा एक तुकडा वाटून दिलेला असतो. धावत्या क्वार्टरबॅकविरुद्ध दोन्हींतला फरक डोळ्यांच्या दिशेत आहे. मॅन-टू-मॅन खेळणाऱ्याची पाठ क्वार्टरबॅककडे असते. रिसीव्हर त्याला तीस यार्ड दूर घेऊन जातो आणि मागे क्वार्टरबॅक मोकळ्या मैदानात पळत सुटल्याचे त्याला उशिरा कळते. झोनमध्ये सगळ्यांचे तोंड चेंडूकडे असते. क्वार्टरबॅक रेषा ओलांडतो न ओलांडतो तोच चार-पाच जण त्याच्याकडे वळलेले असतात. म्हणून अशा क्वार्टरबॅकविरुद्ध झोनचे प्रमाण वाढवण्याकडे कल असतो. त्याचा तोटा म्हणजे दोन तुकड्यांच्या सीमेवर मोकळ्या जागा राहतात, आणि अचूक फेकणारा क्वार्टरबॅक त्या हेरतो.

पॉकेटबाहेर निसटलेला क्वार्टरबॅक नेहमी पळेलच असे नाही. तो रेषेमागे आडवा धावत राहतो आणि ठरलेल्या मार्गावर अडकलेले रिसीव्हर मार्ग सोडून मोकळ्या जागेकडे पळतात. तिथून एकाच स्नॅपमध्ये दुसरा डाव सुरू होतो, आणि लांबवरून टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणे, बरेचदा याच दुसऱ्या डावात होते. त्यावर बचाव फळीचा नियम असा की क्वार्टरबॅक निसटताच झोनचे तुकडे विसरायचे आणि ज्याने त्याने जवळच्या रिसीव्हरला चिकटायचे. एनएफएलचा नियमही इथे थोडी मदत करतो. एरवी पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का देणे निषिद्ध असते. क्वार्टरबॅक चेंडूसह पॉकेटबाहेर पडला की ते बंधन संपते. पकडून ठेवता येत नाही, पण धक्का देऊन त्याची लय मोडता येते.

सात मागचे खेळाडू

जानेवारी २०१९ च्या पहिल्या आठवड्यात लॉस एंजलिस चार्जर्सपुढे हा प्रश्न अगदी नेमक्या रूपात उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये जॅक्सन रेव्हन्सचा मुख्य क्वार्टरबॅक झाल्यापासून संघाने सातपैकी सहा सामने जिंकले होते आणि त्या सामन्यांत धावून दर सामन्यास सरासरी दोनशेहून अधिक यार्ड काढले होते. दोनच आठवड्यांपूर्वी त्यांनी चार्जर्सना २२-१० असे हरवले होते. आता बाद फेरीत रेव्हन्सच्याच मैदानावर पुन्हा तेच.

बचाव प्रशिक्षक गस ब्रॅडली यांच्याकडे दुखापतींमुळे लाइनबॅकरांची चणचण होती. त्यांनी जवळजवळ संपूर्ण सामना मागच्या फळीतले सात खेळाडू घेऊन खेळायचे ठरवले. एरवी असे चार किंवा पाच असतात. लाइनबॅकरच्या जागी एड्रियन फिलिप्ससारखे सेफ्टी उभे राहिले. धावणाऱ्या संघापुढे हलक्या अंगाची माणसे उभी करणे हे रूढ शहाणपणाच्या नेमके उलट होते, कारण तगडे लाइनमन अशा सेफ्टीला उचलून बाजूला टाकतील अशी भीती असते. प्रत्यक्षात त्या लाइनमनना सेफ्टी सापडेचनात. लाइनबॅकरला चालत गाठणारे ते अवजड खेळाडू सेफ्टीपर्यंत पोहोचेपर्यंत तो फटीतून आत शिरलेला असे. जॅक्सन टोकाकडे वळला तर तिथेही त्याच्याच वेगाचा माणूस हजर. चार्जर्सनी त्याला सात वेळा सॅक केले. चौथ्या सत्रात ते २३-३ असे पुढे होते. जॅक्सनने दोन टचडाउन करून अंतर कमी केले, पण शेवटच्या प्रयत्नात उचेना न्वोसूने त्याच्या हातातला चेंडू उडवला आणि चार्जर्स २३-१७ असे जिंकले.

रेव्हन्सचे उत्तर पुढच्या हंगामात दिसले. नवे आक्रमण प्रशिक्षक ग्रेग रोमन यांनी दोन-तीन टाइट एंड, म्हणजे अडवणेही जमणारे आणि झेलही घेणारे अंगापिंडाने मजबूत खेळाडू, एकाच वेळी मैदानात उतरवले. हलक्या फळीला आता खरोखर ढकलून काढता येऊ लागले. रेव्हन्सने २०१९ मध्ये धावून ३,२९६ यार्ड काढले, तो लीगचा विक्रम ठरला. बचावातली युक्ती कधी कधी एका हंगामापुरतीच टिकते, हे या उदाहरणातून दिसते.

ब्लिट्झ आणि बतावणी

चारपेक्षा जास्त जण धावून जाणे म्हणजे ब्लिट्झ. धावत्या क्वार्टरबॅकविरुद्ध तो दुधारी असतो. पोहोचला तर क्वार्टरबॅकला विचार करायला वेळच मिळत नाही, चुकला तर मागे त्याला धरायला कोणी नसते. मायामी डॉल्फिन्सनी ११ नोव्हेंबर २०२१ रोजी ही जोखीम पत्करली. तोवर त्यांनी नऊपैकी सात सामने गमावले होते आणि समोर सहा सामने जिंकलेला रेव्हन्सचा संघ होता. मुख्य प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांच्या फळीने डावामागून डाव सात-आठ जण पुढच्या रेषेवर आणून उभे केले. जेव्हॉन हॉलंड आणि ब्रँडन जोन्स हे दोघे सेफ्टीही पुढे आले, मागे खोलवर कोणीच नाही. स्नॅप झाल्यावर कधी सगळे धावून येत, कधी त्यांतले काही मागे सरकत. एवढ्या रेट्यात एकही फट शिल्लक राहत नव्हती, आणि कोण येणार हे आधी ओळखता येत नसल्याने रेव्हन्सच्या लाइनमनचा गोंधळ उडत होता. रेव्हन्सना सामनाभरात १० गुण मिळाले, डॉल्फिन्स २२-१० असे जिंकले.

या डावपेचातला टिकाऊ भाग म्हणजे बतावणी. सहा जण येणार असे भासवून प्रत्यक्षात चारच पाठवायचे, पण अनपेक्षित चार. टोकाचा लाइनबॅकर किंवा सेफ्टी धावून येतो आणि पुढच्या फळीतला एक लाइनमन मागे सरकून झोन सांभाळतो. याचे मूळ झोन ब्लिट्झमध्ये आहे. डिक लबो यांनी १९८० च्या दशकात सिनसिनाटी बेंगल्सकडे असताना ती पद्धत घडवली आणि पुढे पिट्सबर्ग स्टीलर्सकडे ती गाजवली. चौघांच्या या बतावणीत मागे सात जण कायम राहतात, सगळ्यांचे डोळे चेंडूकडे असतात, आणि तरीही क्वार्टरबॅकला कुठून संकट येणार याचा थांग लागत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय अर्थातच चौघांनीच दबाव आणणे. टँपा बे बकनीअर्सना नोव्हेंबर २०२० मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी २७-२४ असे हरवले होते. त्या सामन्यात टायरीक हिलने एकट्याने २६९ यार्डांचे झेल घेतले. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये बचाव प्रशिक्षक टॉड बोल्स यांनी दोन सेफ्टी खोल उभे केले, ब्लिट्झ अगदी थोडे केले आणि सगळी भिस्त पुढच्या चौघांवर ठेवली. चीफ्सचे टोकाचे दोन्ही नेहमीचे लाइनमन जायबंदी होते. पॅट्रिक माहोम्सवर २९ वेळा दबाव आल्याची नोंद आहे. चेंडू फेकण्यापूर्वी किंवा सॅक होण्यापूर्वी तो एकूण ४९७ यार्ड इकडेतिकडे पळाला, पण सॅक फक्त तीन झाले. तरीही चीफ्सना एकही टचडाउन करता आले नाही, निकाल ३१-९. चार वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, विक फँजिओ यांच्या ईगल्सनी माहोम्सविरुद्ध एकदाही ब्लिट्झ न करता सहा सॅक मिळवले आणि सुपर बोल ४०-२२ असा जिंकला. माहोम्ससारखा खेळाडू मुळात वेळ काढून फेकण्यासाठी पळतो. त्यामुळे त्याच्याविरुद्ध मागची सात माणसे जागेवर ठेवणे हाच मोठा बचाव ठरतो.

ठरवून घेतलेली धाव

आतापर्यंतचे उपाय निसटून पळणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी झाले. काही धावा आधीच आखलेल्या असतात. त्यांत सर्वांत प्रसिद्ध झोन रीड. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिग्ज यांनी तो बसवला असे मानले जाते. चढाई करणारा संघ एका एंडला मुद्दाम मोकळा सोडतो, त्याला कोणी अडवतच नाही. क्वार्टरबॅक रनिंग बॅकच्या पोटाशी चेंडू धरतो आणि त्या एंडकडे पाहतो. एंड रनिंग बॅकवर झेपावला तर चेंडू मागे ओढून क्वार्टरबॅक त्याने सोडलेल्या जागेतून पळतो. एंड जागेवर थांबला तर चेंडू रनिंग बॅककडे जातो. न अडवताच एक बचावपटू बाद होतो.

जानेवारी २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सच्या कॉलिन कॅपर्निकने ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध १८१ यार्ड धाव घेतली, त्यात ५६ यार्डांच्या टचडाउनला हीच युक्ती होती. त्यावरचा एक तोडगा म्हणजे कामांची अदलाबदल. एंड मुद्दाम आत झेपावतो, क्वार्टरबॅकला वाटते जागा मोकळी झाली, तो चेंडू स्वतःकडे ठेवतो, आणि तेवढ्यात आतला लाइनबॅकर एंडच्या मागून वळसा घेऊन नेमका तिथे आलेला असतो. दुसरा तोडगा म्हणजे एंडने ना आत जायचे ना थांबायचे, रेषेला समांतर हळूहळू सरकत क्वार्टरबॅकचा निर्णय लांबवायचा. तो जितका लांबेल तितके बाकीचे बचावपटू जवळ येतात. शिवाय धावपटूच्या पवित्र्यात असलेल्या क्वार्टरबॅकला फेकणाऱ्याला मिळणारे संरक्षण मिळत नाही. त्याला नियमात राहून जोरात पाडता येते, आणि सामनाभर असे मार खाल्ल्यावर तो चेंडू देऊन टाकणे पसंत करू लागतो.

शेवटची पकड

योजना कितीही चांगली असली तरी शेवट एका पकडीवर येतो. मोकळ्या मैदानात धावत्या क्वार्टरबॅकच्या थेट समोर जायचे नसते. आतल्या खांद्याच्या बाजूने जात त्याला साइडलाइनकडे ढकलायचे, म्हणजे त्याच्याकडे वळायला एकच दिशा उरते. तो फेकण्याची हूल देईल तेव्हा पाय जमिनीवरून उचलायचे नाहीत. पाठलागाचा कोन त्याच्या आताच्या जागेकडे न धरता तो पुढे जिथे पोहोचेल तिकडे धरायचा. २००२ मध्ये व्हायकिंग्जचे ते दोघे इथेच चुकले. क्वार्टरबॅक पाय पुढे करून घसरला तर डाव तिथेच संपतो आणि त्याला मारणे म्हणजे दंड. त्यामुळे झेपावणाऱ्याला ऐन क्षणी स्वतःला आवरावेही लागते. हे सगळे सरावाशिवाय अंगवळणी पडत नाही. म्हणून अशा सामन्याच्या आठवड्यात संघ आपल्याच एखाद्या चपळ राखीव खेळाडूला क्वार्टरबॅक बनवून फळीला त्याच्यामागे पळवतात.

माणूस बदलला की योजना बदलते. बफेलो बिल्सचा जोश अॅलन साडेसहा फुटांच्या आसपास उंच आणि शंभर किलोंहून जड आहे. जॅक्सनला धरू शकणारा हलका सेफ्टी त्याच्यावर आदळून स्वतःच पडतो. ईगल्सचा जेलन हर्ट्स पायांच्या ताकदीवर एक-दोन यार्ड हमखास रेटून नेतो, तिथे चौघांची सावध भिंत निरुपयोगी ठरते. त्याला रेषेवरच थोपवावे लागते.

यशाचे मोजमापही धावलेल्या यार्डांवर करून चालत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये पॅकर्स पुन्हा कॅपर्निकला भेटले, या वेळी तयारीनिशी. त्याला सात धावांत फक्त २२ यार्ड मिळाले. त्याच्या पळण्यावर पॅकर्सचे एवढे लक्ष गेले की त्याने फेकून ४१२ यार्ड काढले आणि फॉर्टीनाइनर्स ३४-२८ असे जिंकले. उलट जानेवारी २०२० मध्ये टेनेसी टायटन्सविरुद्ध जॅक्सनने १४३ यार्ड धाव घेतली आणि ३६५ यार्ड फेकले, तरी चौदा सामने जिंकून आलेले रेव्हन्स २८-१२ असे हरले. टायटन्सनी त्याला दोनदा चौथ्या डाउनला एका यार्डासाठी अडवले, दोन फेकी मधल्यामध्ये झेलल्या, आणि लवकर आघाडी घेऊन त्याला ५९ वेळा फेकायला लावले. मैदानाच्या मध्यावर त्याला यार्ड मिळू दिले, पण निर्णायक डाउनला दिले नाहीत. अशा क्वार्टरबॅकला पूर्ण थांबवणे सहसा कोणालाच जमत नाही. त्याला कोणते यार्ड द्यायचे आणि कोणते नाकारायचे, हे आधी ठरवून ते सामनाभर पाळणे, एवढेच बचाव फळीच्या हाती असते.